अंगठा घेईना

नोव्हेंबर संपायला चार दिवस राहिले होते आणि आईचा हयातीचा दाखला बाकी होता, म्हणून शनिवार-रविवार धरून गावी गेलो. खरं तर तिला काही घाई नव्हती. दरवर्षी ती बँकेत जाते, यादीत आपलं नाव शोधते, समोर सही करते, शिपायाच्या पोरांचा अभ्यास विचारते आणि घरी येते. यंदा मलाच खाज. म्हणलं कशाला ती गर्दी, ऑनलाईन करून टाकू, बोट ठेवलं की दोन मिनिटांचं काम. स्टँडजवळ एक ऑनलाईन सेंटर आहे, तिथे गेलो. सेंटरवाला पोरगा आईचाच विद्यार्थी, झेडपीच्या शाळेत चौथीपर्यंत तिच्याच वर्गात, त्यामुळे लगेच खुर्ची आली, चहा आला. त्याने आधार नंबर टाकला, ते काळं छोटं यंत्र पुढे सरकवलं, काचेत लाल दिवा लागला आणि म्हणाला, "ठेवा बाई अंगठा."

आईने ठेवला. टूं. परत ठेवला. टूं. जरा दाबून ठेवा म्हणाला, तरी टूं. मग त्याने काच पुसली, अंगठा पुसायला लावला, अंगठ्यावर तोंडाची वाफ सोडायला लावली, आणि शेवटी एकदम हळू आवाजात, बाईंना असलं काही सांगायचं म्हणून जरा लाजतच म्हणाला, "बाई, डोक्यावरून फिरवा ना एकदा, केसांचं तेल लागलं का घेतं कधी कधी." एकेकाळी आख्ख्या वर्गाला अंगठे धरून उभं करणारी आमची बाई, तिने मुकाट्याने पदर मागे घेऊन भांगावरून अंगठा फिरवला. टूं. चेहरा दाखवूनही होतं आता, पण त्याच्या मोबाईलवर ते ॲप चालेना. "मशीन घेईना बाई," तो म्हणाला, "रेघाच नाही राह्यल्या बोटावर. थंडी सुरू झाली का लय जणांचं असंच व्हतं. दोन-तीन दिवस व्हॅसलिन चोळा आन् मंगळवारी या." त्यावर आई म्हणाली, "म्हणजे मी जिवंत आहे का नाही हे आता व्हॅसलिन ठरवणार!" सगळे हसले, मागे लाईनीत उभे असलेले दोन म्हातारेसुद्धा. मीही हसलो.

पण हसता हसता मी तो अंगठा बघत होतो. काचेवर अजून लाल उजेड होता आणि त्यात तो मला पहिल्यांदाच एवढा जवळून दिसला. नखाच्या कोपऱ्याजवळून एक चीर खाली गेलेली, तिच्यात काळी रेघ बसलेली, मेथी निवडल्याची नाहीतर वांगी चिरल्याची, जी कितीही घासली तरी जात नाही. पेरावरची कातडी घट्ट, चकचकीत, जुन्या खोडरबरासारखी. बत्तीस वर्षं याच अंगठ्याने खडू धरला. खडूची भुकटी हातातली ओल पिऊन टाकते हे तेव्हा कुणाला माहीत असायला, आम्हाला एवढंच माहीत होतं की आईचा हात गालाला लागला की खरखरतो.

थंडीने कातडी फुटते त्याला आमच्याकडे उलणं म्हणतात. हात उलले, ओठ उलले, टाचा उलल्या. पुण्यात आल्यावर हा शब्द माझ्या तोंडातून कधी गेला कळलंच नाही, त्याच्या जागी ड्राय स्किन येऊन बसली, जी ऐकायला कशी स्वच्छ वाटते, डब्यावर छापता येते. उलणं म्हणलं की मला अजून ती बारीक टचकन झालेली फट दिसते, मूठ जोरात मिटली की बोटाच्या सांध्यावर पडणारी, रक्ताचा एकच ठिपका आणणारी. आणि निफाडकडची थंडी म्हणजे काय ते मी सांगायला नको, दर डिसेंबरात पेपरला येतंच की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाचवर आला, चारवर आला. बाहेरच्यांना त्याची मौज वाटते. इथे द्राक्षवाल्यांची झोप उडते, कारण थंडीने मण्यांना तडे जातात, मग रात्री-अपरात्री ठिबक चालू करा, बागेत शेकोट्या पेटवा, असं सगळं चालतं. एका मण्याची साल उलू नये म्हणून माणूस पहाटे तीनला उठून बागेत धूर करत बसतो. त्याच बागेत विरळणीला येणाऱ्या बायांच्या हातांकडे मात्र त्याचं लक्ष जात नाही, त्याच्या स्वतःच्या टाचांकडेही जात नाही म्हणा.

आमच्या घरात थंडी आल्याचं पेपरच्या आधी खोबरेलाला कळायचं. चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली गेलं की ते थिजतं, आधी बाटलीच्या बुडाशी धुकं धरल्यासारखं होतं, मग एके दिवशी सकाळी निळी बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला ते जेमतेम पातळ असायचं आणि तुळशीच्या लग्नापर्यंत घट्ट. मग बाटली बंबाशेजारी ठेवायची, नाहीतर ओसरीत उन्हाला. आणि ज्याला शाळेची घाई त्याने उदबत्तीची काडी खुपसून पांढरा गोळा बाहेर काढायचा आणि तळहातावर चोळून विरघळवायचा. तळहात मात्र गरम पाहिजे. माझा कधीच नसायचा. आईचा असायचा, कारण ती पहाटेपासून चुलीपाशी.

बंबाचं पाणी असं कढत असायचं की अंगावर घेतलं की कातडी लालबुंद व्हायची, आणि त्यावर तो लाल साबण. आता कळतं की आपण रोज सकाळी किती इमाने इतबारे स्वतःचं वाटोळं करत होतो. पण तेव्हा थंडीत कढत पाण्यासारखं सुख नव्हतं आणि अजूनही नाही, डॉक्टर काहीही म्हणोत. अंग वाळलं की हातपाय भुरे. नडगीवर नखाने रेघ ओढली की पांढरीशुभ्र उमटायची. वर्गातली सगळी पोरं नडगीवर नावं लिहायची, फुल्या-गोळे खेळायची, थुंकी लावून पुसायची. मी एकदा शुद्धलेखनाचे पाच शब्द लिहून नेले होते, डाव्या पायावर, चड्डीच्या काठाखाली. त्यात ‘आशीर्वाद’ होता, तोही ऱ्हस्व लिहिलेला. आईने, म्हणजे वर्गात बाईंनीच, ते पकडलं. मारलं नाही. घरी आल्यावर ओसरीत बसवलं आणि दोन्ही पाय गुडघ्यापासून घोट्यापर्यंत तेलाने असे चोपडले की त्यावर आठवडाभर काही उमटलं नसतं. "पुसली पाटी," एवढंच म्हणाली.

चोळणं हे तिचंच काम होतं. रात्री आमचे चेहरे, कान, ओठ, हाताचे सांधे. ग्लिसरीन आणि गुलाबपाणी एका औषधाच्या रिकाम्या बाटलीत घालून हलवलेलं असायचं, ते उललेल्या जागी असं झोंबायचं की ताई पळून जायची. बोरोलीनची हिरवी ट्यूब फक्त ओठांपुरती, कारण महाग. तिचा तो वास अजून कुठे आला तरी मला रात्रीचे साडेआठ वाजल्यासारखे वाटतात. कलकत्त्यात १९२९ पासून बनतंय म्हणे ते. सकाळी शाळेत जाताना गालांना व्हॅसलिन, आणि मग एसटी गेली की रस्त्यावरची सगळी धूळ येऊन त्या गालांवर बसायची, शाळेत पोचेपर्यंत आम्ही तळायला घोळवून ठेवल्यासारखे दिसायचो. आणि एक गोष्ट मला अलीकडे, म्हणजे त्या शनिवारी सेंटरच्या खुर्चीवर बसल्या बसल्या आठवली. माझं झालं की ताईचं, ताईचं झालं की हाताला जे काही उरलं असेल ते आई आपल्या कोपरांना पुसायची. एका हाताचं दुसऱ्या कोपराला, मग दुसऱ्याचं पहिल्याला. कधी जास्त उरलंच तर पायाच्या घोट्याला. तिने स्वतःसाठी म्हणून बाटलीत बोट घातलेलं मला आठवत नाही. आठवायला मी बघत तरी कुठे होतो.

टाचांचं वेगळं. टाचा चालायला लागतात, त्यामुळे त्यांची डागडुजी व्हायची. तिच्याबरोबरच्या एक बाई रत्नागिरीकडच्या होत्या, त्या मे महिन्यात माहेराहून येताना कोकमाच्या तेलाचे गोळे आणायच्या. बिया कुटून, उकळून काढलेलं ते तेल साबणाच्या वडीसारखं घट्ट असतं, मातकट पिवळं. रविवारी रात्री आई वज्रीने टाचा घासायची, मग पळीत तो तुकडा वितळवायची आणि काडेपेटीच्या काडीने एकेका भेगेत ते गरम तेल सोडायची. तोंडाने स्स करायची. भेगेत गेलेलं तेल बघता बघता पांढरं होऊन बसायचं, अगदी फरशीच्या सांध्यात सिमेंट भरल्यासारखं. कोकम तेल संपलं की मेणबत्तीचं मेण आणि खोबरेल. मग पाय कापडात गुंडाळून ती वह्या तपासायला बसायची.

आणि रात्रीचा तो आवाज.

आम्ही सगळे एकाच खोलीत झोपायचो. आई कूस बदलायची तेव्हा तिची टाच गोधडीवर घासायची आणि आवाज यायचा, खर्र. एकदा, मग जरा वेळाने परत. लुगड्याची मऊ झालेली गोधडी, तिचा धागा टाचेच्या चिरेत अडकून ओढला जायचा. तुम्हाला वाटेल यात ऐकण्यासारखं काय, पण अंधारात जाग आली, बाहेर कुत्री भुंकत असली, वडील रात्री पाणी भरायला मळ्यात गेलेले असले, की मी तो आवाज येईपर्यंत जागा राहायचो. आला की झोपायचो.

मग पुण्याला आलो. हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात तेल चोपडलेल्या डोक्याची यथेच्छ चेष्टा झाली आणि मी डोक्याचं, अंगाचं सगळंच तेल सोडलं. डिसेंबरात ओठ फुटून रक्त आलं तरी व्हॅसलिनची डबी उशीखाली लपवून ठेवायचो, पुरुष असून ओठांना काय लावतोस म्हणतील म्हणून. पुढे नोकरी, लग्न, फ्लॅट, सगळ्या पायऱ्या. फ्लॅटमध्ये पहिल्या हिवाळ्यात आई राहायला आली. आम्ही नुकतंच बेडरूममध्ये सगळं नवं केलेलं, बायकोने हौसेने एक गुळगुळीत, चमकणारी चादर आणलेली, आणि पाहुणी म्हणून आईला आमच्या पलंगावर झोपवलेलं. सकाळी चादर काढताना पायाकडच्या बाजूला धागे निघालेले दिसले. एक-दोन नाही, चांगले हातभर लांब. बायको काही बोलली नाही, तिने घडी घालून ठेवली. मीही काही बोललो नाही. संध्याकाळी ऑफिसातून येताना मी आईसाठी मोज्यांचे दोन जोड आणले, सुती, करड्या रंगाचे. थंडी फार आहे ना, म्हणालो. तिने मोजे हातात घेऊन बघितले, मग माझ्याकडे बघितलं, आणि "छान आहेत" म्हणाली.

पुण्यात तेव्हा काही फार थंडी नव्हती.

त्या रात्रीपासून ती हॉलमध्ये, खाली गादी घालून झोपली. कंबरेला बरं पडतं म्हणाली. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही, आणि इथे लिहितानाही दोनदा खोडली.

तर शनिवारी सेंटरमधून निघालो ते तिला तसाच कातडीच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. ती वाटेत म्हणत होती, अरे मी बँकेत जाऊन सही करते की, कशाला एवढं, पण मी हट्टाला पेटलो होतो. डॉक्टर तरुण होता, बडबड्या. त्याने आईला शुगर आहे हे ऐकल्यावर हात बाजूला ठेवला आणि आधी पाय बघितले. टाचेच्या कडेला जाड, पिवळट पडलेली कातडी, तिच्यात उभ्या भेगा, एक-दोन खोल. त्याने टाचणीसारखं काहीतरी टोचून कळतंय का विचारलं. मग म्हणाला की शुगरच्या माणसाने टाचेची भेग साधी समजायची नाही, तिथून जंतू आत जातो आणि पायाला संवेदना कमी असेल तर कळतही नाही, आणि ते पळीत वितळवलेलं गरम तेल-मेण तर अजिबात नाही, भाजलेलंसुद्धा कळणार नाही. थायरॉईड तपासून घ्या म्हणाला, त्यानेही कातडी अशी कोरडी पडते. आई अपराधी चेहरा करून बसली होती, वही न आणलेल्या पोरासारखा.

मग त्याने समजावून सांगितलं, आणि बरं समजावलं. म्हणाला, वरची कातडी म्हणजे विटांची भिंत समजा. विटा म्हणजे मेलेल्या, चपट्या पेशी, आणि मधला चुना म्हणजे चरबीचे पदार्थ. थंडीत हवाच कोरडी, ती आतलं पाणी ओढून घेते. त्यात आपण कढत पाणी ओतून आणि साबण लावून तो चुनाच धुऊन काढतो, मग भिंत तडकणार नाही तर काय. त्वचा थोडी आम्ल असते, पीएच पाचच्या आसपास, आणि आपला साधा साबण नऊ-दहाचा. वय झालं की अंगचं तेल तसंही कमी होतं. आणि तळहात-तळपायांना तर तेलाच्या ग्रंथीच नसतात. हे मला खरंच माहीत नव्हतं. म्हणजे आख्ख्या अंगात सगळ्यात जास्त राबणाऱ्या दोन जागा आणि नेमकं त्यांनाच घरचं तेल नाही, बाहेरून कुणी लावलं तर लावलं. टाचेवर भार पडला की आतली गादी बाहेरच्या बाजूला पसरते, कडेची कातडी मऊ असेल तर ताणली जाते, कडक असेल तर फाटते. इतका साधा हिशोब.

औषध काय, तर मी चांगला हजार-दोन हजाराच्या तयारीने गेलेलो, त्याने लिहून दिलं युरिया असलेलं एक मलम आणि साधी पांढरी पेट्रोलियम जेली. युरिया म्हणल्यावर आईने माझ्याकडे बघितलं, वडिलांनी आयुष्यभर गव्हाला टाकला तो. तोच, डॉक्टर हसला, पण औषधाचा. तो पाणी धरून ठेवतो आणि जाड कातडी मऊ करतो, मग वर जेली लावायची म्हणजे ते पाणी उडून जात नाही. आंघोळ कोमट पाण्याने, अंग खसाखसा न पुसता टिपायचं, आणि ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, जे काय लावायचं ते लावायचं. भांडी घासताना हातमोजे. आणि रात्री मलम लावल्यावर, डॉक्टर म्हणाला, सुती मोजे घालायचे.

मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

घरी येऊन लेकीला फोन केला, कारण आमच्या घरात या विषयातली तज्ज्ञ तीच. तिच्या आरशासमोर बाटल्यांची लाईन आहे, सिरम, टोनर, आणखी काय काय, आणि सिरॅमाइड हा शब्द ती आम्ही लहानपणी ‘जीवनसत्त्व’ म्हणायचो तसा म्हणते. डॉक्टरने सांगितलेला तो चुना म्हणजे बाबा सिरॅमाइडच, असं तिने मला ऐकवलं. आणि रात्री चेहऱ्यावर पेट्रोलियम जेलीचा थर देऊन झोपायचं, याला आता स्लगिंग म्हणतात, कोरियन मुली करतात म्हणे. मी म्हणलं तुझी आजी हे आमच्यावर करायची, वर एसटीच्या धुळीचा पॅक फुकट. त्या जेलीची गोष्टही मजेशीर आहे, १८५९ मध्ये अमेरिकेत पेन्सिल्वेनियातल्या तेलविहिरींवर पंपाच्या दांड्याला चिकटणारं मेणचट घाण कामगार कापल्या-भाजल्याला लावतात हे चीझब्रो नावाच्या एका केमिस्टने पाहिलं, ते शुद्ध केलं आणि १८७२ मध्ये पेटंट घेतलं. गडी रोज चमचाभर खायचादेखील म्हणे, आणि शहाण्णव वर्षं जगला. आईला हे सांगितलं तर म्हणाली, खायचं असतं तर तूपच खाल्लं असतं की.

मलम ठेवायला तिने कपाट उघडलं आणि मी थक्क झालो. वरच्या कप्प्यात मी, ताईने, लेकीने, सुनेने गेल्या दहा-बारा वर्षांत दिलेली सगळी क्रीमं ओळीने उभी होती. बदामाची, केशराची, दुबईहून आलेली, कैलास जीवनच्या तीन डब्या, कोल्ड क्रीमच्या न उघडलेल्या बाटल्या. काहींची तारीख लेक शाळेत जायच्या आधीच संपलेली. अगं लावत का नाहीस, म्हणलं, तर म्हणाली, "चांगली आहेत रे, कुणी आलं गेलं तर." कुणी आलं गेलं तर काय, पाहुण्यांना चहाबरोबर बदाम क्रीम देणार? पण ते तिला कळतच नव्हतं, म्हणजे मी का चिडतोय ते. आणि मलाही नीट सांगता येईना, कारण चिडलो होतो तिच्यावर का माझ्यावर, ते काही धड नव्हतं. डबे देऊन मोकळं व्हायला काय लागतं.

रात्री जेवणं झाल्यावर ती खाटेवर बसली आणि मी खाली पाटावर बसून तिचा पाय मांडीवर घेतला. लगेच ओढून घेतला तिने. "पायाला काय हात लावतोस!" म्हणलं दिवाळी-दसऱ्याला लावतोच की. "ते वेगळं, ते नमस्काराचं." खरंय, आयुष्यभर शेकडो वेळा या पायांना हात लावला पण पटकन, बोटांची टोकं टेकवून, वर बघत, पाठीवर हात पडायची वाट बघत. पाय बघितले कुठे? दुसऱ्यांदा ओढला नाही. पाय गार होता, जड. टाच हातात घेतली तर नदीतला दगड धरल्यासारखी, कडेला धारदार. मलम भेगांवरून पुढे सरकेचना, मग माझ्या लक्षात आलं की ते आधी आपल्या तळहातावर गरम करून घ्यावं लागतं. माझा तळहात त्या रात्री गरम होता का, तर नव्हता, पण चोळून चोळून झाला. तिला गुदगुल्या होत होत्या आणि ती ते लपवत होती. एका भेगेपाशी स्स केलं तिने. दोन्ही पायांचं, मग हातांचं, उजव्या अंगठ्याचं जरा जास्तच. झाल्यावर माझ्या हाताला उरलेलं मी पंचाला पुसायला लागलो तर म्हणाली, "पुसतोस काय, कोपरांना लाव."

मग तिने कपाटाच्या खालच्या खणातून काहीतरी काढलं. करड्या रंगाचे मोजे, दोन जोड. एकाला दुकानाचं लेबल तसंच होतं, दोऱ्याने अडकवलेलं. मी काही बोललो नाही, तीही नाही, फक्त ते लेबल तिला तुटेना म्हणून माझ्याकडे दिलं आणि मी ते दाताने तोडलं.

रविवारी, सोमवारी तेच केलं, ऑफिसला घरून काम करतो म्हणून सांगितलं. आंघोळीचं पाणी कोमट काढायला लावलं तर दोन्ही दिवस शिव्या खाल्ल्या. भांडी मी घासली, दुसऱ्या दिवशी माझाच अंगठा उलला. मंगळवारी सेंटरवर गेलो. पोराने यंत्र पुढे केलं, आईने उजवा अंगठा ठेवला, टूं. तीन रात्रींत बत्तीस वर्षं थोडीच भरून निघतात. मग पोरगा म्हणाला थांबा, बाकीची बोटं बघू, आणि एकेक करून सगळी ठेवायला लावली. तर्जनी नाही, मधलं नाही. डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटावर काचेतला दिवा हिरवा झाला. ज्या हाताने कधी खडू धरला नाही, विळी धरली नाही, नुसता आधाराला राहिला, त्याच्यातलंही सगळ्यात आळशी बोट. "झालं बाई! हयात आहे तुम्ही!" पोरगा ओरडला. आईने ते बोट डोळ्यासमोर धरून बघितलं आणि म्हणाली, "हे वर्गात कधी पुढे नव्हतं." दाखल्याची प्रिंट तिला पाहिजेच होती, दहा रुपये देऊन घेतली. येताना बँकेवरून आलो तर तिने मला थांबवलं, आत गेली आणि यादीत सहीपण करून आली. म्हणलं अगं झालं की ऑनलाईन. असू दे, म्हणाली.

बुधवारी सकाळची गाडी होती. रात्री मी पुढच्या खोलीत झोपलो, मधलं दार उघडं. पाऱ्याचं माहीत नाही, पण खोबरेल पूर्ण थिजलं होतं. आतून तिच्या कूस बदलण्याचा आवाज आला, खाट कुरकुरली, पण बाकी काही नाही. मोजे घातलेली टाच कशाला आवाज करेल. मी उगाच जागा. लांब कुठल्यातरी बागेत मोटर चालू होती, कुत्री होती, परत एकदा खाट कुरकुरली, परत काही नाही. दोन वाजले असतील, अडीच. झोप लागत आली होती तेव्हा आतून ऐकू आलं.

खर्र.

काढून टाकले वाटतं मोजे.